‘पिशवी’ म्हणायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे.

किती साधे वाक्य आहे हे! तुमच्यापैकी कोणीही ते निबंधाच्या वहीत सहज लिहील. पण मी ज्या घरात राहते, त्या घरात हा शब्द जवळजवळ दीड वर्ष कोणाच्याही तोंडून निघाला नाही. मी होते. दाराआडच्या खिळ्याला लटकलेली होते, येताजाता सर्वांना दिसत होते. फक्त माझे नाव कोणी घेत नव्हते. ते का, आणि त्यापायी एका कुत्रीच्या जिवावर कसे बेतले, हे तुम्हांला सांगावे असे पुष्कळ दिवस मनात आहे. मला ते नीट जमेल की नाही, शंकाच वाटते. पिशवीने आपले भरून घ्यायचे. बाहेर काढायचे काम दुसऱ्या कोणाचे. तरी प्रयत्न करते.

माझा जन्म एका आरामखुर्चीच्या कापडातून झाला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जाड कापड होते ते. घरातली आई शिवणकाम करते. पडदे, खुर्च्यांची आवरणे, उशांचे अभ्रे. कोणाच्या तरी खुर्चीचे काम करून उरलेला तुकडा तिने टाकला नाही. तळाला दुहेरी शिवण घातली, बंद जोडताना चौकोनी टाके घातले आणि प्रत्येक चौकोनात आडवीतिडवी फुली मारली. “बंद तुटेल एक वेळ, पण ही फुली उसवायची नाही,” असे ती तेव्हा म्हणाली होती. आतल्या बाजूला तिने एक अरुंद कप्पा शिवला. तो बाबांच्या लाल पेन्सिलीसाठी.

बाबा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे पुस्तक छापले जाण्याआधी त्याच्या कच्च्या कागदांतील चुका शोधून दुरुस्त करायच्या. छापखान्यात सारे त्यांना ‘काना-मात्रा’ म्हणत. एखाद्या ओळीत अनुस्वाराचा ठिपका राहिला असेल, तर तो बाबांना लांबून दिसे. घरातला पंखा सुरू राहिलेला मात्र दिसत नसे. ते रोज कागदांचे भेंडोळे माझ्यात घालून घरी आणत. एकदा आईने बाजाराची यादी लिहून माझ्यात टाकली. तिने ‘साबन’ लिहिले होते. बाबांनी रस्त्यातच थांबून, भिंतीला यादी टेकवून, लाल पेन्सिलीने ‘न’चा ‘ण’ केला. शब्द शुद्ध झाल्याच्या समाधानात ते घरी परतले. साबण आणायचा राहिलाच. आई पुढे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, “आमच्याकडे साबण शुद्ध आहे हो, फक्त नाहीये.”

ते माझे चांगले दिवस होते. मी दोन खंडांचा शब्दकोश वाहिला आहे, ओले बटाटे वाहिले आहेत, आणि एकदा एक जिवंत पिल्लूही. छापखान्यात कागदांच्या गठ्ठ्यांमागे एका भटक्या कुत्रीने पिल्ले घातली होती. ती स्वतः रस्त्यावर गाडीखाली गेली. पिल्ले एकेकाने वाटून नेली, आणि शेवटची उरलेली तांबूस मादी बाबांनी माझ्यात बसवून घरी आणली. ती वाटभर माझ्या कडेवरून तोंड बाहेर काढून बघत होती. थोडी ओलीही केली तिने मला. मी काही बोलले नाही.

तिची शेपटी खाली येऊन गोल वळलेली होती. बाबांनी एका नजरेत नाव ठेवले, “स्वल्पविराम.”

“एवढ्या मोठ्या नावानं कोण मारणार हाक?” आई म्हणाली. त्यामुळे ती स्वल्पी झाली.

“पूर्णविराम का नाही ठेवलं, बाबा?” ताईने विचारले होते.

“पूर्णविरामाला शेपूट नसतं.”

ताई म्हणजे घरची एकुलती मुलगी. तिला सगळे ताईच म्हणतात, तिच्याहून मोठे असतात तेसुद्धा. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. यंत्रावर काचा घासून चौकटीच्या मापात बसवते. त्या वेळी ती एकतीस वर्षांची होती आणि हसली की तिचा आवाज जिन्यापर्यंत जाई. स्वल्पी पहिल्या दिवसापासून तिच्या पावलांवर झोपू लागली.

पुढे ताई आजारी पडली. तिचे पोट दुखे, रक्त जाई. दोन वर्षे औषधे झाली. मग डॉक्टरांनी सांगितले की पिशवी काढावी लागेल. मित्रांनो, आईच्या पोटात बाळ वाढते त्या जागेलाही आपल्याकडे बोलताना पिशवीच म्हणतात. पुस्तकात तिला दुसरे नाव आहे, पण ते घरात कोणी वापरत नाही. ती काढली की जीव वाचतो, पण मूल होत नाही. ताईला हे समजावून सांगितले तेव्हा मी टेबलावर होते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “चालेल.”

रुग्णालयात तिचे कपडे, कंगवा आणि लोकरीचे मोजे घेऊन मीच गेले. शस्त्रक्रिया चालू असताना मी तिच्या रिकाम्या खाटेखाली पडून होते. खाट दुसऱ्या कोणाला द्यायची होती. तिथल्या मावशी सामान आवरत बाहेर आल्या आणि बाबांना म्हणाल्या, “तुमची पिशवी आहे ना? घरी नेताय, का टाकून देऊ?”

त्या माझ्याबद्दल विचारत होत्या. बाबा उभे होते ते भिंतीला धरून खाली बसले. मावशींनी मला त्यांच्या मांडीवर ठेवले आणि त्या निघून गेल्या.

ताई घरी आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी आईने स्वयंपाकघरातून नेहमीसारखे विचारले, “अहो, पिशवी कुठे टाकलीत?” ताई टेबलाशी पाणी पीत होती. तिने पेला खाली ठेवला. बस्स, एवढेच झाले. ती रडली नाही की उठून गेली नाही. पण घरातले सगळे आवाज थांबले.

बाबांनी आत जाऊन हलक्या आवाजात आईला सांगितले, “हा शब्द आता घरात नको.”

“मग म्हणू काय मी?”

“थैली म्हण.”

मुद्रितातला नको असलेला शब्द काढायची एक खूण असते. शब्दावर आडवी रेघ आणि समासात एक लहानशी गाठ. बाबांनी तसेच मला घराच्या बोलण्यातून काढले. मला दाराआडच्या खिळ्याला टांगले आणि बाजारासाठी वेताची टोपली आणली. टोपली वाईट नव्हती. फक्त तिच्यात यादी टाकली की खालून पडून जाई.

तेव्हापासून घर फार शांत झाले. ताई कामावर जाई, परत येई, जेवे, आपले ताट विसळी. खिडकी उघडू का? चालेल. दिवा लावू का? चालेल. उद्या मावशीकडे जायचं का? चालेल. मात्र ती जात नसे. आई एकदा म्हणाली की रडली असती तर बरे झाले असते. मला त्यातले फारसे कळत नाही. मी रिकामी टांगलेली होते आणि मलाही काही वाटत नव्हते. कदाचित तिचेही तसेच असेल. स्वल्पी संध्याकाळी येऊन तिच्या पावलांवर अंग टाकी. ताईचे पाय बधिर होत, तरी ती ते काढून घेत नसे.

स्वल्पी तर केव्हाच मोठी झाली होती. कुत्रीला वर्षातून एकदोनदा माज येतो, तसा तिलाही येई, आणि या वेळीही आला. आईने तिला पंधरा-वीस दिवस घरातच ठेवले. कुठल्याही कुत्र्याशी तिची गाठ पडली नाही. पण दोनेक महिन्यांनी ती विचित्र वागू लागली. अन्न सोडले. कोपरे उकरू लागली. आणि एका दुपारी तिने उडी मारून माझा बंद दातांत धरला व मला खिळ्यावरून खाली ओढले. बंद मधोमध फाटला. फुली मात्र जागेवर राहिली.

तिने मला फरफटत शिवणयंत्राखाली नेले. मग ती एकेक वस्तू आणून माझ्यात ठेवू लागली. आईचे निळ्या दोऱ्याचे रीळ. बाबांचा खोडरबर. ताईचा लोकरीचा एक मोजा. माझ्यात ठेवून झाले की चाटत बसे, आणि कोणी जवळ आले की गुरगुरे. तिच्या स्तनांतून दूध येत होते. कितीतरी महिन्यांनी माझ्यात काहीतरी होते, मित्रांनो. मला बरे वाटले असे म्हणवत नाही. पण मी ते सांभाळून धरले.

बाबा तिला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. ती मला सोडेना, म्हणून मीही गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. स्वल्पीचे पोट चाचपून त्यांनी माझ्यात डोकावून पाहिले.

“रीळ, रबर आणि मोजा. तीन पिल्लं झाली म्हणायची! हा खोटा गाभा आहे, आजोबा. पोटात काही नाही, पण शरीराला वाटतंय की आहे. पुढच्या वेळीही होईल. हे ओसरू द्या, मग दोन-तीन महिन्यांत, पुढच्या माजाच्या आत, हिची पिशवी काढून टाकू.”

बाबांनी दचकून मागे पाहिले. ताई तिथे नव्हती तरीसुद्धा.

“न काढून चालणार नाही का?”

“कित्येकींना काही होत नाही. पण काहींच्या पिशवीत पुढे पू होतो आणि मग जिवावर बेततं. घरी बोला. ठरवा आणि कळवा.”

घरी बोला, एवढेच तर त्या घरात होत नव्हते. आई आणि बाबा हा विषय स्वयंपाकघरात काढत, आणि काढण्याआधी नळ पूर्ण सोडत, म्हणजे ताईला ऐकू जाऊ नये.

“एकदा पिल्लं होऊ देऊ हो,” आई म्हणे. “मुकं जनावर. मोजा चाटत बसते, बघवत नाही. एका घरात दोघींना...”

“हळू बोल.”

“नळ चालू आहे.”

“आणि पिल्लं झाली, ती ताईच्या पायाशी खेळायला लागली, तर तिला काय वाटेल?”

“आणि काढलं तर काय वाटेल? पोटाला टाके घालून आणायची आणि तिच्या पुढ्यात निजवायची?”

भांडे भरून वाहत असे. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की आणखी भर घालत, “एक वेत होऊ द्या बाई, एक पिल्लू मला ठेवा, पण शहाणं ठेवा. मागच्यानं माझी चप्पल खाल्ली, तीही उजवीच!” ताई शेजारून जिना उतरून जाई. तिला कोणी काही विचारत नव्हते. स्वल्पी तिच्या पावलांवर झोपत होती, पण ताईचे मत घरात कोणी घेतले नाही. मला हे तेव्हाही खटकले होते. पण पिशवीचे कोण ऐकणार, आणि कोणत्या नावाने?

खोटा गाभा ओसरला. आईने मला पुन्हा खिळ्याला टांगले, एका बंदावर, तिरपी. रीळ, रबर, मोजा आतच राहिले. शेवटी एके दिवशी बाबांनी धीर केला. फोन माझ्याजवळच्या फळीवर होता, म्हणून मी सारे ऐकले. ताई शेजारच्या खोलीत होती. पलीकडून दवाखान्यातला कंपाउंडर बोलत होता. त्याचा आवाज मोठा होता.

“मी स्वल्पीच्या घरून बोलतोय.”

“कोण स्वल्पी?”

“तांबूस. शेपटी वळलेली.”

“हां, मोजावाली! बोला आजोबा.”

“तिची ती... काढायची आहे.”

“काय काढायचंय?”

बाबांनी खोलीच्या दाराकडे पाहिले. “थैली.”

“थैली? मागची का?”

“हो, हो. मागचीच.” बाबांना वाटले, मागच्या भेटीत ठरलेली.

“मग उद्याच आणा. उपाशीबिपाशी ठेवू नका. दहा मिनिटांचं काम आहे.”

बाबांनी फोन ठेवला. आईने आत नळ सोडला आणि विचारले, “दहा मिनिटं? मला साधं बटण लावायला तेवढा वेळ लागतो.”

“विज्ञान पुढे गेलंय,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्यात एक जुनी चादर घातली, मला काखेत धरले आणि स्वल्पीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई कुठे बाहेर गेल्या होत्या. कंपाउंडर तिला आत घेऊन गेला आणि खरोखरच दहा मिनिटांत बाहेर आला. स्वल्पी त्याच्या पुढे शेपटी हलवत चालत होती.

“झालं. दोन्ही साफ केल्या.”

“दोन्ही?”

“दोनच असतात ना, आजोबा. एकदोन दिवस वास येईल जरासा.”

मित्रांनो, कुत्र्याच्या शेपटीखाली दोन लहान थैल्या असतात. त्यांत घाण साठली की दाबून रिकाम्या कराव्या लागतात. कंपाउंडरने तेच केले होते. त्याला सांगितले होते ते त्याने केले. जो माणूस आयुष्यभर प्रत्येक अक्षराशेजारी प्रश्नचिन्ह काढत आला, त्याला या वेळी एक प्रश्न विचारवला नाही. बाबांना विश्वास ठेवायचा होता. त्यांनी घरी येऊन “झालं” एवढेच सांगितले. आईने स्वल्पीला उताणे करून चष्मा लावून तिचे पोट तपासले आणि शिवणाऱ्या माणसाच्या आदराने म्हणाली, “टाका दिसत नाही हो कुठे! काय हात असेल बाईचा.”

दोन महिन्यांनी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. स्वल्पीला पुन्हा माज आला होता. आई थेंबांकडे बघत उभी राहिली. मग तिने नळ सोडला.

“अहो, हिचं काहीही काढलेलं नाही. काय सांगितलंत तुम्ही फोनवर?”

“थैली.”

“आणि तो काय म्हणाला?”

“मागची का, म्हणाला.”

आई शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली. तिला हसू आले, मग ते मध्येच संपले. “आता पुन्हा फोन करा. आणि या वेळी नीट सांगा.”

“माज संपू दे. आत्ता करत नाहीत.”

माज संपला. बाबा रोज फोनपाशी येत. कधी उचलत, कधी फळीवरची धूळ पुसून परत जात. मी तिथेच होते. एक शब्द, तीन अक्षरे. त्यांच्या तोंडात तो आता बसत नव्हता. असे पाच आठवडे गेले.

सर्वांत आधी ताईच्या लक्षात आले. स्वल्पीचे पाण्याचे भांडे तिने एका सकाळी तीन वेळा भरले. जेवण तसेच पडले होते. दुपारी स्वल्पी ताईच्या पावलांपर्यंत आली, पण अंग टाकले ते फरशीवर. ताईने तिच्या पोटाला हात लावला आणि काढून घेतला. मग तिने मला खिळ्यावरून काढले, आत टॉवेल कोंबला, स्वल्पीला उचलले आणि ती जिना उतरू लागली. बाबा चपला शोधत मागून धावले.

डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि त्यांचा चेहरा बदलला.

“पिशवीत पू झालाय. मी सांगितलं होतं तुम्हांला!” त्यांनी जाड वही उघडली. “इथे तर लिहिलंय, थैल्या रिकाम्या केल्या. ते कोणी करायला सांगितलं होतं?”

“यांनीच, बाई,” कंपाउंडर म्हणाला. “मी विचारलं पण होतं, मागची का म्हणून.”

ताईने बाबांकडे पाहिले. “थैली का सांगितलंत?”

बाबांची मान खाली होती. “घरात तो शब्द... तुझ्यासमोर... नको म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढे सरकवला. आज शस्त्रक्रिया केली तर बरीच आशा आहे, उद्यावर टाकली तर नाही, असे त्यांनी सांगितले. कागदावर एक रिकामी ओळ होती. कोणत्या शस्त्रक्रियेला संमती आहे ते तिथे लिहायचे होते. बाबांनी सवयीने माझ्या कप्प्यातून लाल पेन्सिल काढली.

“पेन्सिल नाही चालायची, आजोबा,” कंपाउंडरने आपले पेन दिले.

बाबांनी पेन टेकवले. ते पेन तिथेच राहिले आणि कागदावर शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

“पिशवी,” ताई म्हणाली.

तिचा आवाज अगदी सपाट होता. दुकानात काचेचे माप सांगावे तसा.

“पिशवी काढायची आहे. लिहा, बाबा. आधी पहिली वेलांटी, शेवटी दुसरी.”

बाबांनी लिहिले. त्यांना आयुष्यात प्रथमच कोणीतरी शुद्धलेखन सांगितले असेल. आई तिथे असती तर तिने नक्की काहीतरी म्हटले असते.

स्वल्पीला आत नेताना ताई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “जाग आल्यावर एका कुशीवर राहू द्या तिला. वळताना ओढ बसते. आणि सारखं कोणी विचारू नका तिला, कसं वाटतंय म्हणून.”

“कुत्रीला कोण विचारतं?” कंपाउंडर म्हणाला.

“बरं आहे मग,” ताई म्हणाली.

दोघे बाहेर बाकावर बसले. मी ताईच्या मांडीवर होते. तिने टॉवेल नीट करायला हात घातला, तेव्हा तिला तळाशी रीळ, रबर आणि मोजा सापडला. तिने ते तिन्ही बाकावर ओळीने ठेवले. बराच वेळ पाहिले. मग एकेक करून परत माझ्यात ठेवले.

“मला वाटलं, तुला त्रास होईल,” बाबा म्हणाले.

“शब्दानं नाही झाला, बाबा. नळानं झाला. नळ सुरू झाला की मला कळायचं, माझ्याबद्दल चाललंय.”

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “आणि आता? काही वाटतं?”

“नाही.” तिने टॉवेलाची कड आत सारली. “अजून काही नाही वाटत. पाणी फार वाया जायचं, तेवढं वाटायचं.”

तासाभराने कंपाउंडर दार ढकलून बाहेर आला. “पिशवी काढली. आहे, कुत्री जिवंत आहे.”

बाबांनी घाबरून ताईकडे पाहिले.

“ऐकलं मी, बाबा,” ती म्हणाली. या वेळी ती “चालेल” म्हणाली नाही. मी तिच्या मांडीवर होते, म्हणून मला तिच्या पोटाचा श्वास कळत होता. तो एकदा अडला आणि मग सुटला. त्यापलीकडे मला काही सांगता येणार नाही.

स्वल्पी जगली. चार दिवसांनी घरी आली तेव्हा हाडे दिसत होती आणि पोटावर टाक्यांची रांग होती. आईने चष्मा लावून ती रांग पाहिली आणि म्हणाली, “हे खरे टाके. जरा लांब लांब आहेत, पण खरे.” मग तिने यंत्रावर बसून माझा फाटका बंद नवा केला. जुनी फुली तशीच ठेवून तिच्यावरूनच टाके घातले. बोलता बोलता ती माझ्याविषयी “थैली” म्हणणार होती, पण मध्येच थांबली. तिलाही सवय मोडायला वेळ लागला.

मित्रांनो, मी उपदेश करण्याएवढी शहाणी नाही. दीड वर्ष खिळ्याला टांगलेल्या पिशवीने काय शिकवावे? तरी दोन गोष्टी सांगून टाकते. तुमच्या घरी कुत्री असेल, मांजरी असेल, तर तिच्याबद्दल जे ठरवायचे ते तिच्या डॉक्टरांना विचारून वेळेवर ठरवा. तिला बोलता येत नाही, म्हणून तुम्ही तरी बोला, आणि जे बोलायचे ते त्याच्या खऱ्या नावाने बोला. दुसरे असे, की एखादा शब्द कोणाला दुखेल असे वाटले, तर तो लपवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. विचारायला भीती वाटते, हे मला माहीत आहे. बाबांना फार वाटत होती.

ताई अजूनही कमी बोलते. तिचे हसणे जिन्यापर्यंत अजून गेलेले नाही. स्वल्पी मात्र पुन्हा तिच्या पावलांवर झोपते. परवा ताईने पाय हळूच काढून घेतले, बोटे हलवली, चोळली, आणि मग परत तिच्या अंगाखाली सारले. त्यांना मुंग्या आल्या असाव्यात.

आज सकाळी ती दारापाशी आली. तिने मला खिळ्यावरून काढले.

“आई, पिशवी नेतेय.”

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला.

“ने,” आई म्हणाली. “आणि साबण विसरू नकोस. बाबांनी यादी लिहिलीय.”